धातूची काच आणि प्रकाशाची साक्ष

कर्जत स्थानकातून खोपोलीकडे फुटणारा लोहमार्ग पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही लहान लहान स्थानके ओलांडीत सह्याद्रीच्या पायथ्याशी जाऊन थांबतो. पुढे वाटच नाही. समोर बोरघाटाची भिंत उभी आहे. या भिंतीवरून खाली उतरलेले पोलादी नळ खालापूर तालुक्यातील लहान मुलांनाही ठाऊक आहेत. लोणावळ्याच्या बाजूस बांधलेल्या तलावांचे पाणी या नळांतून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून खाली येते, खोपोलीच्या वीजगृहातील चक्रे फिरविते आणि मग पाताळगंगेला मिळते. जमशेटजी टाटांच्या मनात आलेली ही योजना त्यांच्या निधनानंतर, 1915 साली प्रत्यक्षात उतरली आणि कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईच्या गिरण्यांना घाटातल्या पावसाची शक्ती मिळू लागली.

पाण्याच्या पाठोपाठ वीज आली आणि विजेच्या पाठोपाठ पुढे पोलाद आले. 1960 च्या दशकात फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने महिंद्रा युजीन या नावाचा मिश्रपोलादाचा कारखाना खोपोलीस उभा राहिला आणि भातशेतीच्या या मुलुखात विजेच्या भट्ट्या पेटल्या. अशा भट्टीपाशी काम करणारा जुना, जाणता कामगार डोळ्यांपुढे निळी काच धरून वितळलेल्या पोलादाकडे पाहतो आणि रस तयार झाला की नाही, हे त्याच्या प्रकाशावरून सांगतो. त्या धगधगत्या रसाला कोणी हात लावू शकत नाही. त्याच्याविषयी जे काही कळते त्यातले पुष्कळसे त्याने बाहेर टाकलेला प्रकाशच सांगतो. हा प्रकाश खरे किती सांगतो, आणि त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. यासाठी उदाहरण घेतले आहे ते एका विलक्षण पदार्थाचे. त्याचे नाव धातूची काच.

धातूची काच हे शब्द ऐकताच पुष्कळांना वंध्यापुत्राची आठवण होईल. काच पारदर्शक, धातू अपारदर्शक. काच विजेला अडविणारी, धातू विजेला वाट देणारा. काच टिचणारी, धातू वाकणारा. मग या दोहोंचे लग्न लागावे कसे? परंतु पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पारदर्शकता हे काचेचे लक्षण नव्हेच. काच म्हणजे पदार्थाची एक अवस्था. द्रवात अणूंची जी विस्कळीत मांडणी असते ती तशीच ठेवून द्रव घट्ट झाला, की ती काच झाली. मग तो द्रव वाळूचा असो, साखरेचा असो, की लोखंडाचा असो.

शाळेच्या पटांगणाचे उदाहरण घेऊ. मधल्या सुटीत मुले वाटेल तशी धावत असतात. घंटा वाजते, आणि हळूहळू ती आपापल्या रांगांत येऊन उभी राहतात. वितळलेला धातू सावकाश निवत असता त्याचे अणू नेमके असेच करतात. ते ओळीने, थराथराने, ठराविक अंतरावर उभे राहतात. या शिस्तीच्या रचनेला स्फटिक म्हणतात. तांब्याचे भांडे, लोखंडी खिळा, सोन्याची बांगडी हे सारे अशा असंख्य बारीक स्फटिककणांचे बनलेले असते. आता अशी कल्पना करा, की घंटा वाजली, पण रांगेपर्यंत पोचण्यास मुलांना वेळच मिळाला नाही. जो जेथे होता तो तेथेच खिळून राहिला. पटांगण शांत झाले खरे, पण रांगा झाल्याच नाहीत. धातूची काच ती हीच.

अडचण एवढीच, की धातूचे अणू मोठे चपळ असतात. वाळूचा रस निवताना दाट दाट होत जातो आणि त्याच्या अणूंचे पाय जणू चिखलात रुततात. त्यामुळे खिडकीची काच करावयास घाई करावी लागत नाही. धातूचा रस मात्र पाण्यासारखा पातळ असतो, आणि रांगा लावावयास त्याला क्षणाचाही विलंब पुरतो. तो क्षणही त्याला मिळू नये अशी युक्ती 1960 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत साधली. तेथे पॉल डुवेझ या मूळच्या बेल्जियन शास्त्रज्ञाने क्लेमेंट व विलेन्स या सहकाऱ्यांसह सोने व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा इवलासा थेंब थंड तांब्याच्या पृष्ठावर जोराने फेकला. थेंब पसरून त्याचा पातळ पापुद्रा झाला आणि सेकंदाला दहा लक्ष अंश किंवा त्याहूनही अधिक वेगाने तो निवला. या वेगाने हजार अंशांचा रस एका सेकंदाच्या सहस्रांश भागात हाताला गार लागेल. क्ष-किरणांनी त्या पापुद्र्याची परीक्षा केली तेव्हा त्यात स्फटिकांच्या खुणा दिसल्या नाहीत. तो पापुद्रा फार टिकाऊ नव्हता. साध्या खोलीच्या उष्णतामानातही त्याची मांडणी पालटू लागे. परंतु अशक्य मानलेली गोष्ट शक्य आहे, एवढे त्याने सिद्ध केले.

पुढचा इतिहास विस्ताराने सांगावयाचे हे स्थळ नव्हे. मिश्रणात लहानमोठ्या आकाराचे अनेक अणू एकत्र केले, तर त्यांना रांग लावणे कठीण जाते, हे तत्त्व हळूहळू हाती आले. 1993 साली त्याच संस्थेतील पेकर व जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटेनियम, तांबे, निकेल व बेरिलियम अशा पाच धातूंचा एक मिश्रधातू केला. त्याला काच व्हावयास सेकंदाला सुमारे एक अंश इतका मंद वेगही पुरतो. पापुद्र्याच्या जागी जाड कांब ओतता येऊ लागली. आपल्या देशातही हा अभ्यास मागे राहिला नाही. बनारस हिंदू विश्वविद्यालयात टी. आर. अनंतरामन यांनी या शाखेचा पाया घातला, आणि 1984 साली धातूंच्या काचेवरील ग्रंथाचे संपादन केले. मुंबईजवळ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिर्कोनियमच्या काचरूप मिश्रधातूंत पुन्हा स्फटिक कसे उद्भवतात याचा अभ्यास केला. अणुभट्टीतील इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. तेव्हा हा धातू तुर्भ्याच्या विशेष परिचयाचा असावा, यात नवल नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न गृहस्थाश्रमी माणूस विचारीलच. त्याचे एक उत्तर आपल्या वाडीबाहेरच्या खांबावर असू शकते. खोपोलीहून निघालेली वीज असो वा अन्य कोठली, ती घरापर्यंत यावयाची तर वाटेत तिचा दाब ट्रान्सफॉर्मरने उतरवावा लागतो. त्या पेटीतील लोखंडी गाभ्याचे चुंबकत्व सेकंदाला पन्नास आवर्तने करीत उलटसुलट होत असते. गाव निजलेले असले आणि एकही दिवा लागलेला नसला, तरी हे आवर्तन चालूच असते व त्यात वीज फुकट जात असते. फिरत्या तांब्याच्या चाकावर लोखंड, बोरॉन व सिलिकॉन यांचा रस सोडून केसाहूनही बारीक जाडीची काचरूप फीत काढतात. ती गाभ्याला गुंडाळली म्हणजे हा रिकामा व्यय नेहमीच्या पोलादी पत्र्याच्या मानाने साठ ते सत्तर टक्क्यांनी कमी होतो. स्फटिककणांच्या सीमाच नसल्यामुळे चुंबकत्वाला कोठे अडखळावे लागत नाही. भारतातही असे ट्रान्सफॉर्मर बसविण्यात आले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या काचेवर प्रकाश टाकला तर तो काय सांगेल? प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रकाशाने अणूंच्या रांगा प्रत्यक्ष दिसत नाहीत. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालक्षांश भाग. धातूतील दोन शेजारी अणूंमधील अंतर सुमारे पाव नॅनोमीटर. समुद्राच्या भरतीच्या लाटेने किनाऱ्यावरील वाळूचे कण मोजावेत, तसेच हे होईल. अणूंची मांडणी पाहावयाची तर क्ष-किरणच हवेत. प्रकाशाची गाठ पडते ती धातूत मोकळेपणी हिंडणाऱ्या इलेक्ट्रॉनांशी. धातू चकाकतो तो या इलेक्ट्रॉनांमुळेच. प्रकाशाचा तरंग येताच ते त्याच्या तालावर डोलू लागतात आणि आलेला बराचसा प्रकाश परत फेकतात.

जर्मन शास्त्रज्ञ पॉल ड्रूड याने 1900 साली या इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडला. इलेक्ट्रॉन धावतो, कशावर तरी आदळतो, दिशा बदलून पुन्हा धावतो. शुद्ध तांब्याच्या शिस्तशीर रांगांतून त्याला बरेच अंतर निर्वेध जाता येते. धातूच्या काचेत रांगाच नाहीत; तो जवळजवळ प्रत्येक अणूपाशी अडखळतो. म्हणून तिचा विशिष्ट विद्युत्‌रोध तांब्याच्या सुमारे शंभरपट भरतो. हीच गोष्ट प्रकाशाच्या परावर्तनात उमटली पाहिजे. हागेन व रुबेन्स या शास्त्रज्ञांनी 1903 साली दाखविले, की लांब तरंगांच्या अवरक्त प्रकाशात धातू जो भाग शोषून घेतो, तो त्याच्या विद्युत्‌रोधाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. रोध शंभरपट, तर शोषण दहापट. दहा सहस्रांश मिलिमीटर तरंगलांबीला हिशेब केला, तर तांबे शंभर भागांतील सुमारे दीड भाग शोषून घेते, आणि धातूची काच सुमारे पंधरा भाग. म्हणजे नुसत्या परावर्तित प्रकाशावरून, तार न जोडता, आतल्या इलेक्ट्रॉनांची दाटी अजमावता येते. हे या मापनाचे पहिले फळ.

दुसरे फळ भट्टीशी संबंध ठेवते. किर्खोफ या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक नियम सांगितला, की जो पदार्थ ज्या प्रमाणात प्रकाश शोषतो, तापल्यावर तो त्याच प्रमाणात प्रकाश बाहेर टाकतो. उत्तम आरसा हा मंद तळपणारा असतो, आणि काजळीसारखा काळा पदार्थ तीव्र तळपणारा. यास्तव एखादी वस्तू किती तळपते एवढ्यावरून तिचे उष्णतामान सांगता येत नाही. तिची उत्सर्जनक्षमता आधी ठाऊक असावी लागते. समजा, पोलादाचा रस 1600 अंश सेल्सिअसला आहे आणि लाल प्रकाशावर चालणारा पायरोमीटर त्याच्यावर रोखला आहे. स्वच्छ रसाची उत्सर्जनक्षमता जेवढी आहे तिच्या दुप्पट आकडा जर उपकरणावर लावला गेला, तर काटा सुमारे शंभर अंशांनी कमी दाखवील. कामगाराला वाटेल, रस अजून थंड आहे. तो आणखी वीज सोडील. शंभर अंशांची ही चूक साधी नव्हे. त्यात सबंध घाणा बिघडू शकतो, भांड्याचे अस्तर जळू शकते, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांच्या जिवाशी गाठ येऊ शकते. म्हणूनच पोलादाच्या कारखान्यांत डोळ्यावर व प्रकाशावर सर्वस्वी न विसंबता रसात प्लॅटिनमच्या तारांचा तापमापक बुडवून पाहतात. प्रकाशाची साक्ष खरी असते, पण ती ऐकणाऱ्यास तिची भाषा आली पाहिजे.

धातूच्या काचेच्या अभ्यासात मात्र तार बुडविण्याची सोय नाही. रसाला कशाचाही स्पर्श झाला, की स्पर्शाच्या जागी स्फटिक रुजतो. दुधाला विरजणाचा थेंब लागावा तसे होते. म्हणून 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात या मिश्रधातूचा थेंब निर्वात पेटीत विद्युत्‌दाबाच्या बळावर अधांतरी तरंगत ठेवून वितळविला गेला आणि त्याचे उष्णतामान दुरून, केवळ प्रकाशावरून मोजले गेले. या प्रयोगात एक रम्य चमत्कार दिसतो. थेंब सावकाश निवू दिला, तर तो प्रथम मंद मंद होत जातो, घट्ट होण्याच्या उष्णतामानाच्याही खाली द्रवच राहतो. आणि मग अकस्मात उजळतो. रांगा लागल्या, सुप्त उष्णता बाहेर पडली, स्फटिक झाला! हाच थेंब जर काच झाला, तर उजाळा येतच नाही; तो मुकाट्याने मावळत जातो. थंड होणारे लोखंड घट्ट स्थितीतही मधेच क्षणभर पुन्हा तळपते, हे बॅरेट या शास्त्रज्ञाने 1873 सालीच वर्णिले होते. तळपणे ही स्फटिकाची साक्ष; न तळपणे ही काचेची.

आता ही मोजणी करतात कशी, ते पाहू. परावर्तन मोजण्याचा सरळ मार्ग म्हणजे नमुन्यावर पडलेला आणि त्यावरून परतलेला प्रकाश यांची तुलना करणे. पण मधे वापरलेला आरसा स्वतः किती प्रकाश खातो, हा प्रश्न उरतोच. त्यावर एक सुंदर तोड आहे. प्रथम नमुना न ठेवता किरण एका आरशावरून मापकाकडे पाठवितात. त्याची वाट इंग्रजी व्ही अक्षरासारखी होते. मग नमुना ठेवून आरसा ठराविक जागी हलवितात. आता किरण आरशावर एकदाच, पण नमुन्यावर दोनदा आदळतो, आणि वाट डब्ल्यू अक्षरासारखी होते. दोन मापांचा भागाकार केला, की आरशाचा दोष उडून जातो आणि नमुन्याच्या परावर्तनाचा वर्ग हाती येतो. भागाकार 0.36 आला तर परावर्तन 0.60, म्हणजे शंभरात साठ. तागडीच्या दोन्ही पारड्यांत वजन आलटूनपालटून तागडीचा खोट काढून टाकणाऱ्या प्रामाणिक वाण्याची ही युक्ती म्हणावयास हरकत नाही.

दुसरा मार्ग अधिक नाजूक आहे. ध्रुवित प्रकाशाचा किरण, म्हणजे ज्याचे कंपन एकाच पातळीत चालते असा किरण, नमुन्यावर बराच कलता टाकतात. त्या कंपनाचे दोन घटक कल्पिता येतात. एक आपातपातळीत, दुसरा तिला लंब. धातूवरून परतताना दोन्ही घटक सारखे क्षीण होत नाहीत, आणि एक दुसऱ्याच्या किंचित मागे पडतो. परिणामी सरळ रेषेत चालणारे कंपन लंबवर्तुळात फिरू लागते. त्या लंबवर्तुळाचा आकार व कल मोजला, की दोन आकडे मिळतात. आणि त्या दोहोंवरून पदार्थाचा वक्रीभवनांक व शोषणांक हे दोन्ही काढता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्रूडनेच ही रीत शास्त्रशुद्ध पायावर आणली आणि 1945 साली रोथेन याने तिच्या उपकरणाला इलिप्सोमीटर हे नाव दिले. पृष्ठावरील एका नॅनोमीटरहूनही पातळ थराची चाहूल हे उपकरण घेऊ शकते.

आणि नेमकी येथेच कसोटी लागते. उपकरण जितके तीक्ष्ण, तितका फसगतीचा धोका अधिक. झिर्कोनियम हा प्राणवायूचा मोठा लोभी धातू आहे. नमुना कितीही घासूनपुसून ठेवला, तरी हवा लागताच त्याच्यावर दोनतीन नॅनोमीटरांचा भस्माचा पडदा चढतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण इलिप्सोमीटरला दिसतो. मग मिळालेले आकडे मिश्रधातूचे, की त्याच्या अंगावरील पांघरुणाचे? चाकावर काढलेल्या फितीची तऱ्हा आणखी निराळी. तिची चाकाकडची बाजू बारीक हवेच्या खळग्यांनी खरबरीत असते, मोकळी बाजू चकचकीत असते. एकाच फितीच्या दोन बाजूंनी दोन निरनिराळ्या साक्षी दिल्या, तर त्यात काचेचा दोष नाही. खरबरीतपणाने प्रकाश विखुरला जातो, आणि घाईने मोजणारा तो शोषला गेला असे लिहून मोकळा होतो.

म्हणून या कामात सावध माणूस अनेक पथ्ये पाळतो. तो एकाच कोनावर भिस्त ठेवीत नाही. कोन बदलून, रंग बदलून पुन्हा पुन्हा मोजतो, आणि पातळ पडद्याचा हिशेब वेगळा मांडतो. नमुना घासताना तो तापून पृष्ठभागी स्फटिक तर झाला नाही ना, हे क्ष-किरणांनी पडताळतो. सर्वांत मोलाचा पडताळा असा, की एकच नमुना प्रथम काच असताना मोजावा, मग निर्वात जागेत तापवून त्याचे स्फटिक होऊ द्यावेत, आणि पुन्हा मोजावा. द्रव्य तेच, प्रमाण तेच. बदलली ती केवळ अणूंची मांडणी. दोन मापांत जो फरक उरतो, त्यातील किती रांगांमुळे आणि किती पृष्ठाच्या खरबरीतपणामुळे, याची शहानिशा झाल्यावरच तो खरा निष्कर्ष. बाकीचे सारे अनुमान.

एवढी दक्षता कशासाठी, हे कळण्यास दोन उदाहरणे पुरी होतील. 2001 साली अमेरिकेने जेनेसिस नावाचे यान सूर्याकडून वाहत येणारे कण टिपण्यास पाठविले. त्यातील निरनिराळ्या सापळ्यांत एक सापळा झिर्कोनियमयुक्त धातूच्या काचेचा होता. 2004 च्या सप्टेंबरात यानाची कुपी परतली, पण तिची छत्री उघडली नाही आणि ती यूटाच्या वाळवंटात आदळून फुटली. तरीही काचेचा सापळा उपयोगी राहिला. तिच्यात स्फटिककणांच्या सीमा नसल्यामुळे आम्लाने ती थरामागून थर अशी एकसारखी झिजविता आली, आणि प्रत्येक खोलीवर सापडलेला सूर्याचा निऑन झुरिकच्या शास्त्रज्ञांना वेगळा मोजता आला. सारख्या झिजण्याचा हा गुण फार मोठा.

दुसरे उदाहरण फ्रान्सच्या दक्षिणेस कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ईटर या प्रचंड यंत्राचे. सूर्याच्या पोटात जी अणुमीलनाची क्रिया चालते ती पृथ्वीवर साधण्याचा हा यत्न. भारत त्यात सहभागी आहे, आणि त्या यंत्राचे अवाढव्य बाह्य पात्र हजिरा येथे घडविले गेले. तेथील ज्वाला पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवावयाची आहे. तिच्याकडे सरळ पाहणे अशक्य. तिचा प्रकाश धातूच्या आरशांवरून वळवूनच बाहेर आणावा लागतो. परंतु ज्वालेतून उडणारे कण आरशाला झिजवितात. साध्या धातूचे स्फटिककण निरनिराळ्या दिशांनी वळलेले असल्यामुळे कमीअधिक झिजतात. आरसा खडबडीत होतो आणि आंधळा होत जातो. धातूची काच मात्र एकसारखी झिजेल, या आशेने युक्रेनमधील खारकीव्ह येथील शास्त्रज्ञांनी तिचे आरसे करून त्यांच्यावर कणांचा मारा केला, आणि परावर्तन व लंबवर्तुळाचे आकडे पुन्हा पुन्हा मोजले. आशेला आधार होता. पण अडचणीही होत्या. झिर्कोनियम हायड्रोजन शोषून घेतो, आणि सुमारे साडेतीनशे अंशांपुढे ही काच मऊ होऊन अखेर स्फटिक होते. आज या कामासाठी मॉलिब्डेनम व रोडियम हेच धातू आघाडीवर आहेत. मोजणीने एका आकर्षक कल्पनेला मर्यादा घातली, हाही मोजणीचा विजयच होय. आरसा जर आंधळा झाला, आणि ते वेळीच कळले नाही, तर पुढे ज्वालेविषयी जे जे लिहिले जाईल ते सर्व खोटे ठरेल. साक्षीदाराची परीक्षा साक्षीच्या आधी करावी लागते, ती यासाठी.

श्रोतेहो, खोपोलीच्या भट्टीपाशी निळी काच धरून उभा असलेला कामगार आणि इलिप्सोमीटरपाशी बसलेला संशोधक यांच्यात दिसते तेवढे अंतर नाही. दोघेही ज्याला शिवता येत नाही अशा पदार्थाची वार्ता प्रकाशाकडून ऐकतात. कामगाराला वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक असते, की रसावर मळीचा थर आला म्हणजे प्रकाश निराळा दिसतो, म्हणून तो थर बाजूला सारल्याखेरीज आपले मत देत नाही. संशोधकही दोन नॅनोमीटरांच्या भस्माचा हिशेब दिल्याखेरीज आकडा छापीत नाही. थरावरून आतल्या वस्तूची किंमत ठरवू नये, हे शहाणपण भट्टीपाशी आणि प्रयोगशाळेत सारखेच लागते.

कर्जत-खालापूरच्या ज्या मुलांना घाटातले नळ रोज दिसतात, त्यांच्यापैकी कोणी उद्या तुर्भ्याच्या किंवा अन्य एखाद्या प्रयोगशाळेत या पदार्थाचा नमुना हाती घेईल. त्याने प्रथम काय पाहावे? चकाकी नव्हे. चकाकी कोणालाही दिसते. त्याने नमुन्याची कोणती बाजू वर आहे हे पाहावे, तो कधी घासला व किती वेळ हवेत होता याची नोंद करावी, आणि मगच किरण सोडावा. एवढे ज्याने केले, त्याला प्रकाश खरे सांगतो.